लग्नाचा जमाखर्च आणि मोराचा पिसारा

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी आज कोणत्याही शहरातल्या ग्रंथविक्रेत्याकडे मागितली, तर जी प्रत पुढे येते तिच्या मुखपृष्ठावर बहुधा मलमली झग्यातली एखादी तरुणी, तिच्यामागे हिरवळीचा उतार आणि उतारापलीकडे एखादा भव्य प्रासाद अशी योजना असते. आणि प्रत एखाद्या गाजलेल्या चित्रपटानंतर निघालेली असली, तर त्या तरुणीला त्यातल्या नटीचा चेहराही लाभलेला असतो. आत प्रेमकथा आहे, असे आश्वासन ते मुखपृष्ठ देते आणि वाचकही त्या आश्वासनावर विसंबून पैसे मोजतो. याच पुस्तकाची पहिली आवृत्ती २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात चित्र नव्हते आणि लेखिकेचे नावही नव्हते. तीन आटोपशीर खंड, अठरा शिलिंग किंमत आणि शीर्षकपृष्ठावर 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या कर्त्याची कृती एवढाच उल्लेख, असा तो साधा व्यवहार होता. या दोन प्रतींमध्ये दोन शतकांहून अधिक काळ पसरलेला आहे, आणि त्या काळात मुद्रक, चित्रकार, भाषांतरकार, संपादक व चित्रपटकार यांनी या लेखिकेवर जे संस्कार केले, त्यांचा वृत्तान्त तिच्या कथानकांइतकाच मनोरंजक आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, प्रणयकथांची सम्राज्ञी म्हणून जेनची जी प्रसिद्धी झाली, ती तिच्या मजकुरापेक्षा या मंडळींच्या उद्योगातून अधिक झाली. मजकूर मात्र आरंभापासून शेवटपर्यंत पैशाचा हिशेब मांडत बसलेला आहे.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी हॅम्पशर परगण्यातल्या स्टीव्हन्टन गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा पूर्वावतार असलेली कादंबरी तिच्या वडिलांनी १७९७ साली कॅडेल या प्रकाशकाला पत्राने देऊ केली होती. ती त्याने न पाहताच उलटटपाली नाकारली. पुढे १८०३ मध्ये दुसऱ्या एका कादंबरीचे हस्तलिखित क्रॉस्बी नामक प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतले आणि न छापता तसेच बासनात बांधून ठेवले. तेरा वर्षांनी ऑस्टिन कुटुंबाने तितकीच रक्कम भरून ते सोडवून आणले. अखेर १८११ साली व्हाइटहॉलमधल्या टॉमस एगर्टनने 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' काढली. लष्करी विषयांवरची पुस्तके हा या एगर्टनचा मुख्य व्यापार. छपाईचा खर्च लेखिकेने सोसायचा, तोटा आला तर तिचा, नफा झाला तर प्रकाशकाचे कमिशन वजा जाता तिचा, असा करार होता. शीर्षकपृष्ठावर 'एका स्त्रीकडून' एवढेच शब्द होते. आवृत्ती खपली, १४० पौंड पदरात पडले; पण ते हाती येण्याआधीच पुढच्या पुस्तकाचे संपूर्ण हक्क तिने एगर्टनला ११० पौंडांत देऊन टाकले होते. मागणी दीडशेची होती. जे पुस्तक पुढे अक्षरशः अगणित वेळा छापले गेले, त्याच्या हक्कांचा सौदा चाळीस पौंडांच्या घासाघिशीत मिटला.

पहिली प्रत जेनच्या चॉटन गावच्या घरी पोहोचली त्या संध्याकाळचे वर्णन जेनने बहिणीला, कॅसँड्राला, लिहिलेल्या पत्रात आहे. शेजारची मिस बेन ही गरीब प्रौढ कुमारिका त्या दिवशी जेवायला होती. लंडनहून एक नवे पुस्तक आले आहे एवढेच तिला सांगून मायलेकींनी पहिल्या खंडाचा जवळजवळ अर्धा भाग तिच्यापुढे मोठ्याने वाचला, आणि कर्ती समोरच बसली आहे याचा संशयही त्या बिचारीला आला नाही. थोड्याच दिवसांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात जेन मुद्रणदोषांची नोंद घेते. तिसऱ्या खंडाच्या २२० व्या पृष्ठावर दोन व्यक्तींची दोन वाक्ये जुळाऱ्याने एकाच्याच तोंडी घातली होती. ही तक्रार क्षुल्लक वाटेल; पण संवादांवरच इमारत उभारणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत कोण बोलले याचा घोटाळा हा पायाचाच घोटाळा ठरतो, आणि हक्क विकून मोकळ्या झालेल्या कर्तीच्या हाती तो दुरुस्त करण्याचे विशेष साधनही उरले नव्हते.

या पहिल्या आवृत्तीच्या वाचकांत एक नाव मराठी माणसाच्या चांगलेच परिचयाचे आहे. जेनच्या एका आत्याने तरुणपणी नशीब काढण्यासाठी जहाजाने मद्रासची वाट धरली होती, पुढे तिचा विवाह हँकॉक या शल्यवैद्याशी झाला, आणि त्यांच्या कलकत्त्याला जन्मलेल्या मुलीचा धर्मपिता झाला वॉरन हेस्टिंग्ज. हीच मुलगी पुढे जेनचा भाऊ हेन्री याची पत्नी होऊन ऑस्टिनांच्या घरात आली. सालबाईच्या तहाच्या काळात नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्याशी ज्याने डाव टाकले, तो हा गव्हर्नर जनरल महाभियोगातून निर्दोष सुटून डेल्सफर्डला निवृत्त जीवन कंठत असताना हेन्रीने त्याच्याकडे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे खंड धाडले. म्हाताऱ्याला नायिका एलिझाबेथ फार आवडली, आणि त्याची ही पसंती कानी आल्यावर जेनला विशेष संतोष झाला, असे तिचेच पत्र सांगते.

तिचा दुसरा थोर वाचक मात्र तिला मुळीच आवडत नव्हता. राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहणारा युवराज जॉर्ज हा पत्नीशी ज्या रीतीने वागे, त्यामुळे जेनच्या मनात त्याच्याविषयी तिटकारा होता. पण त्याच्या प्रासादात तिच्या कादंबऱ्यांचे संच ठेवलेले होते. १८१५ च्या नोव्हेंबरात युवराजाचा ग्रंथपाल जेम्स क्लार्क याने तिला कार्लटन हाउस दाखवले आणि पुढचे पुस्तक युवराजांना अर्पण करण्यास आपल्याला मुभा आहे, असे सुचवले. दरबारी भाषेत मुभा म्हणजे हुकूमच. तेव्हा 'एमा' ही कादंबरी नाइलाजाने युवराजचरणी रुजू झाली, आणि तांबड्या मोरोक्को चामड्यात बांधलेल्या खास प्रतीच्या बांधणीचे चोवीस शिलिंग लेखिकेच्याच नावे पडले. या क्लार्कने पुढे आणखी एक शिफारस केली: सॅक्स-कोबुर्ग राजघराण्यावर एखादी ऐतिहासिक अद्भुतरम्य प्रेमकथा तिने लिहावी. त्यावर जेनचे उत्तर मोठे मार्मिक आहे. जीव वाचवण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी आपण गंभीरपणे असली प्रेमकथा लिहायला बसू शकणार नाही, आणि बसलोच तर पहिले प्रकरण संपण्याआधी स्वतःला व इतरांना हसल्यावाचून राहवणार नाही, असा त्याचा मथितार्थ. प्रणयकथाकार म्हणून जिची जगभर जाहिरात होते, तिने हा किताब हयातीतच असा परत केला होता.

'एमा'चा प्रकाशक जॉन मरे हा बायरनसारख्यांचा प्रकाशक, पत आणि प्रतिष्ठा असलेला असामी. तीन कादंबऱ्यांच्या हक्कांबद्दल त्याने देऊ केलेले ४५० पौंड जेनने नाकारले आणि पुन्हा स्वतःच्या जोखमीवर छपाई करवली. 'एमा'च्या २,००० प्रती निघाल्या. त्यांवर जवळजवळ २२१ पौंड नफा झाला. परंतु त्याच मरेने काढलेल्या 'मॅन्सफील्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीत १८२ पौंडांहून अधिक तूट आली, ती या नफ्यातून वळती झाली आणि १८१७ च्या फेब्रुवारीत लेखिकेच्या हाती आले ३८ पौंड १८ शिलिंग. त्यानंतर पाच महिन्यांनी, १८ जुलैला, विंचेस्टर येथे तिचे निधन झाले. वर्षअखेरीस 'नॉर्थँगर ॲबी' आणि 'पर्स्वेशन' या दोन कादंबऱ्या हेन्रीने एकत्र प्रसिद्ध केल्या व सोबत जोडलेल्या चरित्रटिपणात बहिणीचे नाव प्रथमच जाहीर केले.

हे सारे आकडे मुद्दाम दिले, कारण जेनची पात्रेही अशाच आकड्यांत जगतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथचे वडील बेनेट यांची मिळकत सालिना दोन हजार पौंडांची, पण ती पुरुष वारसालाच जाणारी. घरात मुली पाच, मुलगा नाही. म्हणून ती जाणार कॉलिन्स नावाच्या दूरच्या भाऊबंदाकडे. हा कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा प्रेमाच्या गोष्टी करता करता तिला ऐकवतो की, आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला येणारे एक हजार पौंड चार टक्क्यांच्या रोख्यांत आहेत, आणि त्याबद्दल आपण लग्नानंतर चकार शब्द काढणार नाही! म्हणजे एलिझाबेथचे उत्पन्न आईच्या मृत्यूनंतर वर्षाला चाळीस पौंड, आणि नायक डार्सीचे दहा हजार. ही २५० पटींची तफावत ध्यानी ठेवली म्हणजे तिने डार्सीची पहिली मागणी धुडकावली त्यातले धैर्य काय योग्यतेचे होते ते कळते. ती विसरली म्हणजे उरतो तो केवळ दोन मानी तरुणांचा रुसवाफुगवा. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या आरंभी तर जॉन डॅशवुड सावत्र बहिणींना तीन हजार पौंड देण्याचा संकल्प करतो, आणि त्याची बायको एका संभाषणात ती रक्कम निम्म्यावर, मग सालाना नेमणुकीवर, मग अधूनमधून पन्नास पौंडांवर आणि शेवटी मासळी व शिकारीच्या हंगामी भेटींवर आणून ठेवते. कृपणतेचे इतके निर्दोष चित्र इंग्रजीत दुसरे क्वचितच सापडेल.

उलटपक्षी, ज्या प्रसंगांची प्रेमकथेचा वाचक वाट पाहतो, ते जेन हातचे राखून ठेवते. एलिझाबेथ शेवटी डार्सीला होकार देते तो तिच्या शब्दांत आपल्याला ऐकूच येत नाही. निवेदिका त्याचा गोषवारा सांगून मोकळी होते. एमा काय उत्तरली, तर कुलीन स्त्रीने उत्तरावे तेच, असे म्हणून लेखिका पडदा ओढून घेते. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये नायकाचे मन कधी पालटले त्याची तारीखच द्यायला ती नकार देते. चुंबनालिंगने नाहीत, चांदणी रात्र असली तरी तिचा उपयोग करून घेतलेला नाही.

अपवाद एकच, आणि तो तिने कष्टाने घडवलेला. 'पर्स्वेशन'चा शेवट तिने १८१६ च्या जुलैत एकदा लिहून संपवला होता. त्या मसुद्यात ॲडमिरल क्रॉफ्टच्या बिऱ्हाडी नायक वेंटवर्थला एक अवघड कामगिरी सोपवलेली आहे: नायिका ॲनचे लग्न तिच्या चुलतभावाशी ठरल्याची वदंता खरी आहे काय, हे तिला विचारायचे, कारण त्यावर भाड्याने घेतलेल्या हवेलीचा प्रश्न अवलंबून. ती नाही म्हणते, दोघांची दृष्टादृष्ट होते आणि आठ वर्षांचा दुरावा संपतो. हे जेनला फिके वाटले. तिने ते प्रकरण रद्द केले आणि त्याजागी बाथमधल्या व्हाइट हार्ट खाणावळीतला प्रसंग रचला. त्यात ॲन एका नौदल अधिकाऱ्याशी पुरुषांची प्रीती अधिक टिकते की स्त्रियांची यावर वाद घालते, आणि पलीकडच्या मेजावर लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकत ऐकत तिलाच पत्र लिहितो. रद्द झालेल्या मसुद्याची खाडाखोडीने भरलेली पाने आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिने पूर्ण केलेल्या सहा कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांपैकी काळाच्या तावडीतून सुटले ते एवढेच. आपल्या कथेवर पहिला रूपांतरकाराचा हात खुद्द लेखिकेनेच फिरवला, आणि पुढच्या कोणाही रूपांतरकाराला इतकी उंची गाठता आली नाही, असे मला वाटते.

पहिला परका हात फ्रेंच भाषेतला होता. इझाबेल द माँतोलियू या स्वतः कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईंनी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८१५ सालीच फ्रेंचमध्ये आणली ती मोकळे भाषांतर म्हणून, आणि मूळ शीर्षकाला शेपूट जोडले: अथवा प्रेम करण्याच्या दोन रीती. मासळीच्या भेटीवर आलेल्या तीन हजार पौंडांची कथा अशी एका शब्दबंधाने प्रीतीच्या सदरात दाखल झाली. मायदेशात त्याच सुमारास निराळीच अवस्था होती. मरेकडे उरलेल्या प्रती १८२० च्या सुमारास दोन-अडीच शिलिंगांना फुंकून टाकल्या गेल्या, आणि पुढे बारा वर्षे इंग्लंडमध्ये तिच्या एकाही कादंबरीचे पुनर्मुद्रण झाले नाही. १८३२ मध्ये रिचर्ड बेंटली याने हेन्री व कॅसँड्राकडून पाच कादंबऱ्यांचे हक्क २१० पौंडांना आणि एगर्टनच्या वारसांकडून सहाव्या कादंबरीचे ४० पौंडांना घेतले, व त्या एकखंडी, सहा शिलिंग किमतीच्या पुस्तकांत काढल्या. या मालेत चित्रे आली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'साठी चित्रकार पिकरिंगने निवडलेले प्रसंग पाहण्याजोगे आहेत: एकात डार्सीने धाकट्या बहिणीचे, लिडियाचे, प्रकरण कसे निस्तरले ते एलिझाबेथ वडिलांना सांगते आहे, आणि दुसऱ्यात डार्सीची मावशी लेडी कॅथरीन तिला दरडावते आहे. प्रेमिकांची जोडी कुठेच नाही. पोशाख मात्र कथाकाळचे न राहता १८३० च्या चालीचे, फुगीर बाह्यांचे झाले.

लेखिकेच्या चेहऱ्यालाही असेच रूपांतर भोगावे लागले. कॅसँड्राने काढलेले एक लहानसे रेखाचित्र आहे, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते जपलेले आहे: हाताची घडी, ओठ मिटलेले, नजर एका बाजूला, मुद्रा काहीशी त्रासिक. १८७० चा म्हणून गणला जाणारा चरित्रग्रंथ तिच्या भाच्याने, जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली याने, सिद्ध केला तेव्हा हे चित्र कुटुंबाला रुचेना. मग जेम्स अँड्र्यूज या चित्रकाराकडून त्याची सौम्य नक्कल करवून घेण्यात आली. डोळे मोठे झाले, ओठ मऊ झाले, त्रासिकपणा पार मावळला. बँक ऑफ इंग्लंडने २०१७ साली दहा पौंडांच्या नोटेवर छापला तो हाच सुधारलेला चेहरा. नोटेवर वाचनाच्या आनंदाची महती सांगणारे एक वचनही आहे. ते 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सीवर डोळा असलेल्या कॅरोलाइन बिंग्लीच्या तोंडचे आहे, आणि तिने ते काढले आहे जांभई देत देत, डार्सी वाचत असलेल्या पुस्तकाचा दुसरा खंड हाती आहे म्हणून तो चाळण्याचे सोंग करताना!

परंतु प्रणयमूर्ती म्हणून तिची प्रतिष्ठापना केली ती १८९० नंतरच्या सचित्र आवृत्त्यांनी. १८९४ साली लंडनच्या जॉर्ज ॲलनने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' काढली. तिच्यासाठी ह्यू टॉमसनने १६० रेखाचित्रे काढली होती आणि हिरव्या कापडी बांधणीवर सोन्याच्या वर्खात पिसारा फुलवलेला मोर उभा केला होता. ही आवृत्ती मयूर आवृत्ती म्हणूनच ओळखली जाते. टॉमसनची रेषा चपळ, विनोदी, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच्या पानोपानी घोडागाड्या, टोपडी, लवून केलेले मुजरे आणि प्रकरणांच्या आरंभी नाचणारे कामदेव असल्यामुळे वाचकाच्या मनात एका गोड, निर्धास्त, हरवलेल्या इंग्लंडचे चित्र उभे राहते. पुस्तक भेट देण्याची वस्तू झाले. ब्रॉक बंधू आणि इतर चित्रकार लगोलग पुढे सरसावले. कादंबरीकार हेन्री जेम्सने १९०५ मध्ये एका व्याख्यानात तक्रार केली की, प्रकाशक, संपादक आणि चित्रकार यांच्या जमावाला ही 'लाडकी जेन' आपल्या किफायतीसाठी फारच सोयीची सापडली आहे. तक्रारीत मत्सराचा अंश असेल, पण ती खोटी नव्हती.

या गोडव्याला उतारा विद्वानांनी शोधला. कॅथरीन मेटकाफ या ऑक्सफर्डच्या विदुषीने १९१२ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची पहिल्या मुद्रित पाठावर आधारलेली काटेकोर आवृत्ती सिद्ध केली. पुढच्याच वर्षी तिचा विवाह आर. डब्ल्यू. चॅपमन याच्याशी झाला, आणि १९२३ साली क्लॅरेंडन प्रेसने सर्व कादंबऱ्यांची जी पाच खंडांची प्रमाण आवृत्ती काढली तिच्यावर नाव चॅपमनचे आले. श्रेयाची ही वाटणी न्याय्य झाली नाही, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे सहज पटते. काही असो, पाठभेद तोलून, चुका तपासून, परिशिष्टांत त्या काळच्या गाड्या, पोशाख, रीतिरिवाज यांची माहिती जोडून केलेला असा सन्मान तोवर ग्रीक-लॅटिन ग्रंथकारांचा होत असे, इंग्रजी कादंबरीकाराचा झालेला नव्हता. या आवृत्तीने तीन खंडांची मूळ विभागणी पुन्हा जागेवर आणली, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बेंटलीपासून एकाच खंडात १ ते ६१ अशी सलग प्रकरणे वाचण्याची सवय जडली होती, तीत लेखिकेने योजलेले विराम बुजून गेले होते. पहिला खंड कोठे थांबतो? एलिझाबेथची मैत्रीण शार्लट हिने कॉलिन्सचा स्वीकार केल्यावर, आपली मिळकत त्या माणसाच्या घशात का जावी या मिसेस बेनेटच्या आक्रोशावर आणि त्यावरच्या नवऱ्याच्या कोरड्या उत्तरावर. दुसरा खंड थांबतो तो डार्सीची पेंबर्ली ही हवेली पाहायला जाण्याचे ठरते तिथे. हे दोन्ही विराम मालमत्तेपाशी येतात.

चित्रपटाला विरामांचे सोयरसुतक नसते. त्याला डोळ्यांना दिसेल असे काही हवे असते. मेट्रो-गोल्डविन-मायरने १९४० साली ग्रीर गार्सन व लॉरेन्स ऑलिव्हिए यांना घेऊन जो 'प्राइड अँड प्रेज्युडिस' केला, त्याच्या पटकथाकारांत ऑल्डस हक्सलीसारखा लेखक असूनही बेनेट आणि ल्युकस कुटुंबांच्या घोडागाड्यांची शर्यत लागते, धर्मोपदेशक कॉलिन्स हा हॉलिवूडच्या नीतिसंहितेच्या धाकाने ग्रंथपाल होतो, आणि लेडी कॅथरीन शेवटी प्रेमळ मावशी निघते. पोशाख पुन्हा १८३० च्या सुमाराचे, बेंटलीच्या चित्रांसारखे. त्यानंतरचा टप्पा १९९५ चा. त्या एका वर्षात 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरची बीबीसीची सहा भागांची मालिका, अँग ली यांचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', रॉजर मिशेल यांचा 'पर्स्वेशन' आणि 'एमा'ला बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेणारा एमी हेकर्लिंग यांचा 'क्लूलेस' असे चार अवतार आले. मालिकेचे लेखक अँड्र्यू डेव्हिस यांनी डार्सीला घोड्यावरून उतरवून तळ्यात उडी मारायला लावली आणि ओल्या सदऱ्यानिशी एलिझाबेथसमोर उभे केले. कादंबरीत तो तबेल्याकडच्या वाटेने अकस्मात समोर येतो, एवढेच. त्याचे सर्व अवघडलेपण वाक्यांतून कळते. पण डार्सी झालेल्या कॉलिन फर्थचा तो सदरा मूळ मजकुराहून अधिक लोकांना ठाऊक आहे, आणि ज्या लाइम पार्कच्या आवारात हे चित्रण झाले तिथे प्रेक्षकांची रीघ लागली.

एमा टॉमसन यांनी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवला, तो मला अधिक रास्त वाटतो. त्यांनीही मेरिअन डॅशवुडवर जीव असलेल्या कर्नल ब्रँडनला भर पावसात तिला उचलून आणायला लावले आहे, धाकट्या बहिणीला, मार्गारेटला, झाडावरचे घर दिले आहे. ही चित्रपटाची गरज म्हणून सोडून देता येते. मात्र ते तीन हजार पौंड त्यांनी विसरू दिले नाहीत. जॉन डॅशवुड आणि त्याची बायको फॅनी यांच्या प्रवासाच्या टप्प्याटप्प्यांवर ती रक्कम उतरत जाते, आणि घोडे बदलून गाडी मुक्कामी पोहोचेपर्यंत बहिणींच्या वाट्याला काही उरत नाही. मूळचे एक अख्खे प्रकरण असे दोन-चार मिनिटांत, एकही दुवा न गमावता, क्वचितच कोणी पडद्यावर आणले असेल.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८५ साली 'तृष्णा' या मालिकेत बेनेट भगिनींना हिंदी बोलायला लावले. गुरिंदर चढ्ढा यांच्या २००४ च्या चित्रपटात त्या अमृतसरच्या बक्षी घराण्यात जन्मल्या आणि डार्सी अमेरिकन हॉटेलवाला झाला. गाणी, वराती आणि विमानप्रवास यांच्या धांदलीत मिळकतीचा पेच जो गळला तो गळलाच. २०१० च्या 'आयशा'त दिल्लीच्या श्रीमंत वस्तीतली एमा दिसते ती मुख्यतः तिच्या कपड्यांसाठी. या सर्वांहून राजीव मेनन यांचा २००० सालचा तमिळ चित्रपट 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' वरचढ आहे. कर्नल ब्रँडन इथे श्रीलंकेतल्या लढाईत पाय गमावून बसलेला मेजर आहे, आणि मम्मूटीने तो कडवट, एकाकी आणि तरीही आब राखून असलेला असा उभा केला आहे. मेरिअनला सोडून जाणाऱ्या विलबीच्या जागी ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीचा तरुण मालक आहे. कंपनी बुडते आणि ठेवीदारांची देणी फेडण्यासाठी तो एका मंत्र्याच्या मुलीशी लग्न पत्करतो. मूळ विलबीही कर्जापायीच पन्नास हजार पौंडांच्या मिस ग्रेशी लग्न करतो. म्हणजे मेनन यांनी कारण बदलले नाही, फक्त १९९० नंतरच्या दक्षिण भारतातल्या वित्तसंस्थांच्या पडझडीत त्याला नेमकी जागा शोधून दिली.

वडिलोपार्जित वाडा हातचा गेल्यावर या चित्रपटातल्या मायलेकी चेन्नईला येतात, लहान बिऱ्हाड थाटतात आणि थोरली सौम्या, म्हणजे तब्बू, संगणक कंपनीत अगदी खालच्या जागेवर रुजू होऊन हळूहळू वर चढते. हा भाग मूळ कादंबरीत नाही, तरी तो जेनच्या हिशेबात चपखल बसतो. डॅशवुड बहिणींना नातेवाइकाने स्वस्तात दिलेल्या झोपडीवजा घरात राहून लग्नाची वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या वर्गातल्या निर्धन मुलीला त्या काळी प्रतिष्ठेने पैसा मिळवण्याची वाट उघडी होती ती परक्यांच्या मुलांची गव्हर्नेस होण्याची, आणि 'एमा'मधली जेन फेअरफॅक्स त्या नोकरीचा विषय निघताच गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख करते.